तलावाचा गुणाकार

काय सांगू आता तुम्हाला, थकलो! कर्जतच्या बाजारात भाजी घ्यायला गेलो तरी कोणी ना कोणी हटकतंच, "काय सर, मासे काय म्हणतात?" आणि मी जन्मात मासा खाल्लेला नाही! दहिवलीच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं, ते कोणाच्या लक्षात नाही. लक्षात राहिला तो एक गुणाकार. ऐकायचाय? मग चहा तुम्हीच टाका, मला उठवत नाही.

निवृत्त झालो आणि आम्ही दोघं कळंबकडे शेतावरच्या दोन खोल्यांत राहायला गेलो. शांतता हवी होती हो! पण शेजारी गावाचा पाझर तलाव, आणि त्यातल्या माशांवरून वरची वाडी आणि खालची आळी यांचं हाडवैर. दोघंही एकमेकांना चोर म्हणायचे. शेवटी कसंबसं जमलं, दोघांनी मिळून संस्था काढली, तलावात रोहू-कटल्याचं बीज सोडलं, आणि अध्यक्ष कोण यावर पुन्हा जुंपली.

तेव्हा वाडीची हिराबाई उठली. बाई बुटकी, पण आवाज तलावाच्या पलीकडे जाणारा.

"सरांना करा रं! ते खातच नाय. जो खात नाय तो चोरंल कशाला?"

झालं. एवढ्या पात्रतेवर मी मच्छीमारांचा अध्यक्ष झालो. घरी सांगितलं तर ही म्हणाली, "चष्मा शोधायला तुम्हाला मी लागते, आणि मासे राखणार?"

तालुक्याला एक दिवस प्रशिक्षणाला जाऊन आलो आणि लागलो शिकवायला. सवयच ना! साठा म्हणजे तलावात एकूण किती मासे आहेत ते. बंदीचा काळ म्हणजे मासे वाढेपर्यंत जाळं टाकायचं नाही. आस म्हणजे जाळ्याचं भोक. ते मोठं ठेवायचं, म्हणजे पिल्लं सुटतात.

"सर, एवढ्या भोकातून तर मीच सुटंन!" खालच्या आळीचा गणपत म्हणाला. तोही बुटकाच.

हसू नका, प्रकरण गंभीर होतं. ग्रामसभेत ठरलं होतं की पहिल्या वर्षी ठरल्याइतके मासे निघाले तर तलाव संस्थेकडे राहील. नाहीतर खालापूरकडचा एक ठेकेदार टपलेलाच होता. त्याच्या हातात तलाव गेला की गावातल्या कोणाला काठावर उभं राहू देणार नव्हता तो. आळीचं एक वेळ निभलं असतं, पण वाडीला पुन्हा पोरंबाळं घेऊन वीटभट्टीवर जावं लागलं असतं. हिराबाईने हे मला एकदाच सांगितलं, तेही हळू आवाजात. म्हणून मला जास्त भीती वाटली.

मग मी राखण सुरू केली. रोज संध्याकाळी तलावाच्या दगडी पायऱ्यांवर जाऊन बसायचं. नुसतं बसून करायचं काय? हिच्या उरलेल्या पोळ्या डब्यात घालून न्यायचो, झाकण वाजवायचं, तुकडे टाकायचे. आधी दोन-चार मासे यायचे. मग पाणी खदखदायला लागलं. पुढेपुढे तर मी सकाळचीही फेरी सुरू केली. एक मासा शेपटी फाटलेला होता, तो नेहमी पहिला! मला विद्यार्थ्यांत असे फार कमी मिळाले.

आता माझ्यातला गणिताचा मास्तर जागा झाला. पायऱ्यांसमोर अंगणाएवढ्या पाण्यात इतके मासे, तर अख्ख्या तलावात अशी किती अंगणं? केला गुणाकार! दोनदा तपासला. गुणाकार बरोबर होता, हे कृपा करून लक्षात ठेवा.

सभेत आकडा सांगितला तर गणपत खालीच बसला. मग काय, तीन टेंपो ठरले, नेरळहून बर्फ आला, शेजारच्या गावांना आवतण गेलं. ठेकेदारालाही मीच फोन केला, "या, बघून जा!" इतका माज चढला होता मला.

मे महिन्यातली सकाळ. गाव काठावर. पलीकडून जाळी पडली, ओढली... आणि वर काय आलं? प्लॅस्टिकच्या बाटल्या, एक चप्पल, आणि ओशाळल्यासारखे पाच-सहा मासे. मधोमध टाकली, तेच. पायऱ्यांकडे कोणी टाकेना, दगडांत जाळं फाटतं म्हणून.

ठेकेदार गाडीला टेकून दात कोरत होता.

"वाडीनं नेलं!" गणपत ओरडला.

"तुज्या आळीनं!" हिराबाई. "आमी नुसती भाकरी खाऊन पहारा केला रं!"

"सर, तुमीच सांगा! मासे हुते का नाय?" गणपत माझ्याकडे वळला.

काठ्या निघायला लागल्या. मी लांब जाऊन आपल्या पायऱ्यांवर बसलो. सकाळपासून पोटात काही नव्हतं. हिने दिलेला डबा काढला आणि झाकण उघडताना दगडावर आपटलं.

पाणी खदखदलं!

शेपटीफाटका पहिला. मागे एकावर एक, इतके की पाणी दिसेना. सगळ्या तलावातले मासे रोज दोन्ही वेळा माझ्या पायांशी येत होते, आणि मी शहाणा त्यांना तलावाने गुणत होतो!

हिराबाई धावत आली. "सर, ह्ये काय?"

"साठा," मी म्हटलं.

"कुठला?"

"सगळा."

तिने एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि हाक मारली, "जाळं हिकडं आना रं!" फाटलं तर फाटलं. सगळ्यांनी मिळून ओढलं, वाडीनेही आणि आळीनेही. टेंपो एकच भरला, बाकीचे दोघे मला शिव्या घालत रिकामे गेले. पण ठरल्याइतके मासे निघाले. तलाव राहिला!

मला मात्र वाईट वाटलं हो. खरंच वाटलं. ते डब्याच्या आवाजाला विश्वासाने आले होते. नियमाप्रमाणे पिल्लं परत सोडली, तर ती वळून पुन्हा माझ्याच पायांशी! "जा रे बाबांनो," म्हणत मी पाण्यात उभा राहून त्यांना हाकलत होतो आणि गाव हसून लोळत होतं.

तेवढ्यात ठेकेदार खाली आला. जाळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"तलाव ठेवा तुमच्याकडं," तो हिराबाईला म्हणाला. "हे सर तेवढे चार दिवस आमच्या तलावावर पाठवता का?"

मी तोंड उघडणार, तोच हिराबाई पुढे झाली.

"नाय जमायचं. जाळी, तराजू नि सर, संस्थेचं सामान आमी भायेर देत नाय!"