मिस्त्रींची सहा पिस्तुलं

पिस्तूल अडकल्याची तक्रार कुणी केली की मिस्त्री आधी ते नाकाशी न्यायचे. सावकाश वास घ्यायचे आणि मग तक्रार करणाऱ्याकडे बघत म्हणायचे, "पिस्तूल खोटा बोलणा नाय."

तेव्हा गोव्यात पोर्तुगीज होते. चोरट्या मालावर नजर ठेवायला वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर आमची चौकी होती. चौकीत सहा पिस्तुलं, जुन्या बांधणीची. एक गोळी सुटली की दुसरी आपोआप वर येणारी. त्यांची निगा मिस्त्रींकडे. मालवणकडचे, फौजेतून आलेले. खाऱ्या वाऱ्याने चौकीच्या दाराच्या कड्या खाल्ल्या, पण त्या सहांवर मी कधी गंज पाहिला नाही. ही बांधणी अडाणी माणसाक पण सांभाळूक येता, असं ते म्हणत.

एका शिपायाचं पिस्तूल सारखं अडकायचं. मिस्त्रींनी गोळ्यांचं मॅगझिन काढून कागदावर झटकलं, तर सुपारीचा चुरा पडला.

"पिस्तुलाक सुपारी चारलंस रे?"

पुढे चौकीत कुणीही पानाचा डबा उघडला की आधी पिस्तुलाला 'खाणार का' असं विचारायची रीतच पडली.

वस्तूची बाजू घेऊन माणसांशी भांडणारा असा एखादा तुम्हीही पाहिला असेल. मला त्यांचा धाक वाटे, आणि त्या धाकाचा रागही येई.

जिल्ह्याच्या साहेबांना ती पिस्तुलं बेभरवशाची वाटत. परत पाठवून रिव्हॉल्व्हर आणावीत, असं त्यांच्या मनात होतं. मिस्त्रींनी त्याविरुद्ध दोन अर्ज केले होते. शेवटी साहेब स्वतः चांदमारी बघायला आले. पौषातली गार सकाळ होती. माझी पहिली गोळी सुटली, पिस्तुलाचा वरचा भाग मागे गेला आणि पुढे आलाच नाही. मी हिसके दिले, तळव्याने ठोकलं. अडकलं ते अडकलंच.

कारण मला ठाऊक होतं. हत्याराचं तेल संपलं होतं. मागणीपत्र लिहायचं काम माझं, आणि मी ते दोनदा विसरलो होतो. मिस्त्री बोलतील म्हणून आदल्या दिवशी गुपचूप माझ्या पिस्तुलात घरचं खोबरेल घातलं. थंडीत खोबरेल थिजतं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मला सुचलं नाही.

मिस्त्रींनी पिस्तूल नाकाशी नेलं. माझ्याकडे पाहिलं.

"हीच का तुमची भरवशाची पिस्तुलं?" साहेबांनी विचारलं.

"पिस्तुलात दोष नाही, साहेब," मिस्त्री कचेरीच्या मराठीत म्हणाले. "तेल मी चुकीचं घातलं."

 नंतर मी त्यांना एकटं गाठून विचारलं, असं का केलंत.

"सायबाक कोण तरी दोषी होयो होतो. मिस्त्री दुसरो गावता. पिस्तुलां एकदा गेली की गेली." मग म्हणाले, "तू माका इचारूक भियालंस, ह्या मात्र वायट."

महिन्याभरात त्यांना घरी बसवलं. आणि पावसाळ्याच्या तोंडावर सहाही पिस्तुलं खोक्यात भरून रवाना झाली. मिस्त्रींच्या बलिदानाने काहीच वाचलं नाही. माझ्या एका वाक्याने निदान त्यांचं नाव वाचलं असतं. या गोष्टीची चीड अजून शमत नाही, आणि ती काढायला माझ्याशिवाय माणूस नाही.

गोवा मुक्त झाल्यावर चौकी उठली. तेव्हा सगळं कबूल करायचं ठरवून मी मालवणला त्यांच्या घरी गेलो. मिस्त्री चार महिन्यांपूर्वीच वारले होते. सुनेने मला ओटीवर बसवलं, चहा आणला.

"तुमी चौकीतलेच मां?" तिने विचारलं. "मामांच्या हातून काय चूक झाली होती ओ? मरेपर्यंत घरात कोणाक सांगूक नाय. लोक कायबाय बोलतत."

"मी थंय मागसून नोकरीक लागलंय," मी म्हणालो, आणि चहा प्यालो.