माहितीदार क्रमांक तीन

२०२३ साल. मला एकोणऐंशीवं लागलं होतं. शाळा चौथीत सुटली ती सुटलीच. पण वाचता येतं, सही येते, आणि टांग्याची गादी, घोड्याचा साज हे सगळं शिवता येत होतं. शिंदे की छावनीत माझं दुकान होतं. आमची माणसं दक्षिणेतून शिंद्यांच्या फौजेबरोबर इकडे उत्तरेत आलेली, त्यामुळे मी चामड्याला सुई लावली तेव्हा नातलगांनी नाकं मुरडली. मुरडू दिली. पुढे टांगे गेले आणि मी स्कूटरच्या सिटा शिवायला लागलो.

त्या उन्हाळ्यात माझ्या नातीला फेलोशिप मिळाली. ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, इतिहास घेऊन. संशोधन म्हणजे पांढरे कोट घालून बाटल्या हलवायच्या, अशी माझी समजूत. ती म्हणाली, "आजोबा, हमारे में लोकांशी बोलायचं असतं." विषय होता लश्करातले, म्हणजे आमच्या शहराच्या या भागातले टांगे आणि त्यांच्यावर पोट भरणारी माणसं. दोन महिन्यांत लेख द्यायचा. पसंत पडला तर काम वर्षभर पुढे चालणार, नाही तर तिथेच संपणार. टांगेवाले तिला दोन सापडले होते. साज शिवणारा हयात असा मी एकटाच.

चार दिवस तिनं माझं बोलणं मोबाइलमध्ये भरून घेतलं. किला गेटच्या अड्ड्यावरून टांगेवाले पाटणकर बाजार ओलांडून माझ्याकडेच कसे यायचे, घोडा थकेल पण माझा टाका सुटणार नाही असं कसं म्हणायचे, सगळं सांगितलं. पाचव्या दिवशी तिनं सहीसाठी एक कागद पुढे केला. मी तो बोट ठेवून वाचला. माहिती देणाऱ्याचं नाव कुठेही छापलं जाणार नाही, असं त्यात होतं.

"मग काय छापणार?"

"माहितीदार क्रमांक तीन."

"त्या दोघांच्या मागे?"

"नंबर तारखेनं लागतो आजोबा, इज्जतीनं नाही."

"नंबर कैद्याला असतो. मला नाव आहे."

"नियम सगळ्यांना एकच आहे. कॉलेजच्या मॅडमनी आधीच सांगितलंय."

"मग सांग तुझ्या मॅडमना, नावाशिवाय आमचं बोलणं मिळणार नाही."

सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "करून टाका ना सही, बाबा. दुकानावर तरी कुठे होती तुमच्या नावाची पाटी?"

"लागत नव्हती म्हणून नव्हती," मी म्हटलं.

आमच्या घरची एक रीत आहे. मी नाही म्हणतो, दोन दिवस सगळे माझ्या मागे लागतात, आणि मग मी उपकार केल्यासारखा हो म्हणतो. लग्नं, घराचा रंग, दवाखाना, सगळं असंच ठरत आलंय. मी त्याच हिशेबात बसून होतो. नात मात्र "ठीक आहे" म्हणाली, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि मोबाइलमधून एकेक करून माझं बोलणं पुसायला लागली.

"हे काय करतेस?"

"तुम्ही नाही म्हणालात ना. मग मला ठेवता येत नाही."

माझं ‘नाही’ असं कोणी शब्दशः घेतल्याचं मला आठवत नाही. कपातला चहा संपायच्या आत चार दिवस पुसले गेले.

"आणि तुझा लेख?"

"दोघांवर लिहीन. आठ दिवस आहेत. अब जो होगा सो होगा."

"अगं, चांगलं बोललो होतो मी."

"छानच बोललात. पण चार दिवसांच्या बोलण्यात तुमच्या हातून एक टाकासुद्धा चुकला नाही, आजोबा. असा कारागीर मॅडमनी खरा मानलाच नसता."

हे बोलून ती उठून गेली. कागद तिथेच राहिला. संध्याकाळी मी तो पुन्हा वाचला. नाव छापणार नाही, ओळख पटेल असं काही ठेवणार नाही. सकाळी वाचताना त्यात मला नुसता अपमान दिसला होता. आता वाचताना एक गोष्ट आठवली. ती मी बायकोलाही कधी सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी मी सही केली, नातीला उठवलं, मोबाइल चालू करायला लावला आणि ती गोष्ट सांगितली. एका लगीनसराईत घाई होती म्हणून मी जुना दोरा वापरून घोड्याच्या छातीवरचा पट्टा शिवला. किला गेटजवळच्या चढावर तो तुटला, टांगा मागे घरंगळला आणि टांगेवाल्याचा पाय मोडला. त्यानंच पट्टा चुकीचा बांधला, असं मी अड्ड्यावर सांगितलं. माझा टाका सुटत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून सगळ्यांनी मानलं. त्यानं पुन्हा टांगा हाकला नाही. मग कुजलेला दोरा कसा ओळखायचा तेही मी नातीला सांगितलं. मेण लावल्यावर वरून सगळे दोरे सारखेच दिसतात, दोन्ही हातांत धरून ओढून बघावा लागतो. तो मी ओढून बघितला नव्हता.