गोठ्यातली धुरी

उलव्याच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काल मेसेज आला, की सरकारी संशोधन केंद्राची माणसं डासांच्या अळ्यांचे नमुने घ्यायला येणार आहेत, बाल्कन्या स्वच्छ ठेवा. कुंडीखालची ताटली ओतायला उचलली, तर साचलेल्या पाण्याचा कुबट वास आला आणि मला सासूबाई आठवल्या.

लग्न होऊन मी गव्हाणला नुकतीच आले होते. सासरे हिवतापाने कुडकुडत पडले होते. गोठ्यातले डास पकडायला सरकारी माणूस येणार, असा निरोप होता. पाहुणा येतोय म्हणून सासूबाईंनी पहाटेच गोठा झाडला आणि कडुनिंबाचा पाला पेटवून कोपरा न्‌ कोपरा धुरवला.

तो माणूस डास ओढून घ्यायची काचेची नळी तोंडात धरून, बॅटरी मारत अर्धा तास भिंती धुंडाळत होता. बाहेर आला तो रिकाम्या बाटल्या घेऊन.

"मावशी, एकही डास नाही."

"कसा असंल? तुमी येनार म्हनून सगला साफ केलाय," सासूबाई खुशीत म्हणाल्या. मी पदराआड हसले.

त्याला हसू आलं नाही. "डासच मिळाले नाहीत तर ते कुठल्या औषधानं मरतात, हे आम्हाला कळणार कसं?"

सासूबाईंनी आत सासऱ्यांकडे पाहिलं. "उद्या या," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी आमच्या गोठ्यात रोजची धुरी झाली नाही. म्हैस शेपटी आपटत राहिली. सकाळी त्याच्या बाटल्या भरल्या, तेव्हा सासूबाईंच्या दंडांवर लाल गांधी उठल्या होत्या. "आता काय ते लिवा," एवढंच त्या बोलल्या.

ताटली मी होती तशी खाली ठेवली. केंद्राची माणसं नमुना घेऊन जाऊ देत, मग ओतीन.