मारेगावच्या एसटीतली मुलगी

भरलेली एसटी थांबा सोडून थेट पोलीस ठाण्याच्या आवारात शिरलेली मी अख्ख्या नोकरीत एकदाच पाहिली. ती दुपार अजून डोळ्यांपुढे आहे. निवृत्ती जवळ आली होती आणि राळेगाव तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज त्या दिवसांत प्रत्येक मोबाइलवर येत होते. पाणी मागणाऱ्या फिरस्त्याकडेही लोक संशयाने बघत.

एसटीच्या कंडक्टर बाईंचा फोन आधीच आला होता. "साहेब, गाडीत नवरा-बायको आहेत, संगं सहा-सात वर्षांची पोरगी. पोरगी रडून राह्यली. मी इचारलं, हे तुहे मायबाप का? तर नाही म्हणते. लोक खवळले. एकानं फोन करून पुढच्या फाट्यावर पोरं जमवली. मी फाट्यावर गाडी थांबवत नाही, सीधी तुमच्याकडे घेऊन येते."

बाईंनी हे डोकं चालवलं नसतं तर त्या फाट्यावर काय झालं असतं, ते सांगायला नको.

गाडी आली. जोडप्याला आणि मुलीला मी आत घेतलं, प्रवासी आवारात थांबले. सर्वांत मोठा आवाज पांढरी टोपी घातलेल्या एका काकांचा. "बाई पोरीच्या तोंडाले रुमाल दाबून होती साहेब! अन् आपसात भलत्याच भाषेत बोलतेत!"

फाट्यावर फोन करणारे तेच होते. "काका, ज्याले फोन केला त्याले पुन्हा लावा," मी म्हटलं. "पोरं घरी गेली पाह्यजे. माह्यासमोर बोला." त्यांनी लावला.

नवरा मारेगावकडच्या तांड्यावरचा, ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करणारा. बायको शिवणकाम करायची. भाषा भलती नव्हती, बंजारा घरातली गोरबोली होती. मी दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं. नवरा म्हणाला, "पोरगी दत्तक घेऊन राह्यलो साहेब. संस्थेतून घरी नेतो." बायकोनेही तेच सांगितलं. पिशवीत संस्थेचे कागद होते. पण जुळणारी जबानी पढवलेली असू शकते आणि कागद खोटे असू शकतात. हवालदाराला मी संस्थेत आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षात फोन लावायला सांगितलं. मला एकच गोष्ट खटकत होती. यांचं सगळं खरं असेल, तर मुलगी 'नाही' का म्हणाली?

लहान मुलांशी गणवेशात बोलायचं नाही, असा नियम आहे. मी साधा शर्ट चढवला. मुलगी साध्या कपड्यातल्या महिला शिपायाजवळ बसून चिवडा खात होती.

"ते दोघं तुहे मायबाप नाहीत का बाई?"

"नाही."

"मंग कोण आहेत?"

"होणार आहेत," ती म्हणाली. "संस्थेतल्या ताईनं सांगतलं, कलेक्टर साहेबाची सही झाली का मंग पक्के आई-बाबा. सही कुठं झाली अजून? खोटं कायले बोलू?"

"अन् रडत काहून होती?"

"मले बस लागली. ओकारी येत होती, म्हणून तिनं रुमाल धरला."

महिला शिपाई तोंड फिरवून हसू लागली. तेवढ्यात हवालदार आला. दोन्हीकडून खात्री झाली होती.

मी आवारात जाऊन लोकांना सगळं समजावलं. या जोडप्याने ऑनलाइन नोंदणी केली, समाजसेविका घर पाहून गेली, आरोग्य तपासणी झाली, मग त्यांनी कितीतरी दिवस वाट पाहिली. मुलगी पाच वर्षांवरची, म्हणून तिचीही संमती घेतली. आता दत्तकपूर्व संगोपनासाठी ती त्यांच्या घरी चालली आहे. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघाला की कायद्याने त्यांची लेक.

"पोरीलेबी इचारतेत?" काका चकित झाले.

"इचारतेत. तिनं नको म्हटलं असतं तर या दोघायले तिले नेता आलं नसतं."

काका आत आले आणि त्यांनी जोडप्यापुढे हात जोडले. "चुकलं बापा माह्यं."

बायको म्हणाली, "तुम्ही पोरीसाठीच भांडले, काका. पण अगोदर आमाले इचारलं असतं तर..." एवढं म्हणून ती कागद पिशवीत भरू लागली.

गाडी निघाली तेव्हा काकांनी खिडकीची आपली जागा मुलीला दिली होती आणि कंडक्टर बाई तिच्यासाठी कोणाकडून तरी लिंबू मिळवत होत्या.

काही महिन्यांनी नवऱ्याचा फोन आला. आदेश निघाला होता. त्याच्यामागे मुलीची गोरबोलीत जोरात बडबड चालली होती. त्यातला 'याडी', म्हणजे आई, एवढाच शब्द मला कळला.

"काय म्हणून राह्यली?" मी विचारलं.

"याडीवर चिडली साहेब. वेणी वाकडी घातली म्हणते."

ठाण्यातल्या खुर्चीत मी एकटाच हसत बसलो.

त्या प्रकरणात गुन्हा दाखल झाला नाही. स्टेशन डायरीत नोंद झाली, तेवढीच. पण त्यानंतर नोकरीत होतो तोवर नव्या शिपायांना मी हेच सांगत आलो: लेकरू 'नाही' म्हणालं तर तिथे थांबू नका, पुढचा प्रश्न विचारा. आणि त्याचं उत्तर येईपर्यंत समोरच्या माणसाच्या अंगाला कोणाचाही हात लागू देऊ नका.