सव्वीस अंशांचे नाना

माणसाची पारख आडनावावरून किंवा पायातल्या चपलेवरून करणारे लोक मी पुष्कळ पाहिले. पण समोरचा किती तापून आलाय, एवढं बघून त्याला घरात घेणारा गृहस्थ उभ्या खानदेशात एकच असेल, आणि जळगावला बदली झाल्यावर मी नेमकी त्यांच्याच माडीवर भाड्याने जाऊन पडले. मी मूळची धुळ्याची, नववी-दहावीला शिकवणारी. खोली बघायला गेले तेव्हा एप्रिलातली दुपार होती. नानांनी, म्हणजे आमच्या घरमालकांनी, दार उघडलं आणि आत बोलवायचं सोडून ओट्यावरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "वीस मिनिटं बसा, बाई. उन्हातून एकदम गारव्यात घेतलं की जीव दचकतो." प्यायला पाणी आलं तेही कोमट. मग खुलासा झाला. नवा मासा आणला की तो पिशवीसकट टाकीत तरंगत ठेवतात. पिशवीतलं आणि टाकीतलं पाणी सारखं झालं की मगच त्याला सोडतात. "अहो, पण मी मासा नाही," मी म्हटलं. "सुरुवातीला सगळे असंच म्हणतात," नाना म्हणाले आणि आत निघून गेले.

नानांची सगळी नोकरी केळी पिकवायच्या गार खोल्यांमध्ये तापमानाच्या काट्यावर नजर ठेवण्यात गेली होती. अंश चुकला की गाडीभर केळी काळी पडायची, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही त्यांची नजर काट्यावरून हटली नाही. पुढच्या खोलीत तीन फुटी काचेची टाकी, तिच्यात दोन एंजल, काही मॉली आणि गप्पींचं भलंमोठं गोत. पाणी सव्वीस अंश. अठ्ठावीसपर्यंत नाना सहन करत, त्यापुढे घरात दुखवट्यासारखी शांतता पसरायची. घरातला एकुलता एक कूलर टाकीकडे तोंड करून लावलेला आणि नाना स्वतः त्याच्या पाठीमागे, डोक्यावर ओला पंचा टाकून, घामाघूम. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात पाण्याच्या बाटल्या गोठवलेल्या. पाणी तापलं की एकेक बाटली टाकीत तरंगत सोडायची. एकदा मी सरबतासाठी बर्फ मागितला, तर म्हणाले, "चारनंतर या. आत्ता पाळी त्यांची आहे." घर माझं असतं तर मी त्या दिवशी मासेच तळले असते.

एका मे महिन्यात त्यांच्या डोक्यात आलं, केळीचा खांब आतून गार असतो, तेव्हा पश्चिमेच्या खिडकीला खांबांची भिंतच उभी करावी. असोद्याहून त्यांचा पुतण्या गाडीभर खांब घेऊन आला. "काय नाना, सत्यनारायण शे का आज?" त्याने रस्त्यातूनच विचारलं. नाना म्हणाले, "नही रे भो, मासास्ले ऊन लागस." हे उत्तर गल्लीने ऐकलं नाही, प्रश्न तेवढा ऐकला. संध्याकाळी शेजारच्या चार बायका नटूनथटून तीर्थप्रसादाला हजर! नानांनी त्यांना आधी रीतसर ओट्यावर बसवून ठेवलं आणि माडीवर धावत येऊन मला म्हणाले, "बाई, शिरा येतो का तुम्हाला?" शिरा झाला. बायका टाकीपुढे हात जोडून गेल्या. त्यानंतर कितीतरी दिवस नाना ती गोष्ट मलाच पुन्हा पुन्हा सांगत होते, कारण सांगायला दुसरं कोणी नव्हतं.

नानांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा बंगळुरूला. त्याची मुलगी सात वर्षांची असताना दिवाळीत आली, तिने हट्ट करून हे मासे घ्यायला लावले आणि जाताना म्हणाली, "आबा, मी सुट्टीत येते, तोवर सांभाळा." आबांनी ते मनावर घेतलं. पण तिची मोठी सुट्टी उन्हाळ्यातली, आणि उन्हाळ्यात जळगावचं नाव काढलं की सूनबाईंचं डोकं दुखायचं. नाना रोज भर दुपारी टाकीवरच्या काट्याचा फोटो काढून मुलाला पाठवत. खाली एक शब्द नाही, नुसता काटा. तिकडून अंगठा यायचा. मला वाटायचं, हे माशांचं कौतुक. दोन उन्हाळे गेले तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की नाना आपल्या घरात गारवा आहे असं सांगताहेत, या म्हणताहेत.

आणि खरंच नात आली. मुक्ताईनगरला कुणाचं तरी लग्न होतं, तिथून परत जाताना 'तासभर येऊ' असा निरोप आला. नाना आठ दिवस आधीपासून कामाला लागले. त्या दिवशी पाणी सव्वीस, खोली अशी गार की मी शाल घ्यावी की काय या विचारात होते. दुपारी दोनला काचा बंद केलेली गाडी दारात थांबली. मुलगी पंधरा वर्षांची झाली होती. नाना पुढे झाले, तिच्याकडे डोळे भरून पाहिलं आणि सवयीने म्हणाले, "बसा, बसा. वीस मिनिटं ओट्यावर."

मुलगा हसला, त्याला वाटलं गंमत आहे. पण नानांनी आयुष्यात तापमानाची गंमत केली नव्हती. पाचव्या मिनिटाला सूनबाई लालबुंद झाल्या. सातव्या मिनिटाला "आम्ही गाडीतच बसतो" म्हणून मुलीला घेऊन त्या उठल्या. मुलगा एकटा आत जाऊन टाकी बघून आला. "छान आहेत, बाबा," म्हणाला. मग विमानाची वेळ झाली. मुलीने काच खाली करून हात हलवला आणि ऊन आत येऊ नये म्हणून लगेच वर घेतली.

नाना संध्याकाळपर्यंत ओट्यावरच बसून होते. मी चहा घेऊन गेले. "चुकलं माझं," ते म्हणाले. "ती थंड गाडीतून आली होती. तिला सरळ आत घ्यायचं होतं. एवढी वर्षं काटा बघितला आणि आज साधं कळलं नाही मला." मला रडू आलं आणि त्यांचा रागही आला. मी चहा गार होतोय एवढंच म्हटलं.

पुढे माझी बदली परत धुळ्याला झाली. गेल्या मे महिन्यात मी मुद्दाम जाऊन आले. फाटकाची कडी वाजताच नानांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि चपलांसकट मला आत ओढलं. गॅसवाला, कुरिअरवाला, सगळ्यांनाच आता असं सरळ आत घेतात म्हणे. मात्र उन्हाच्या वेळी येतो कोण! आम्ही मासे बघत बसलो. बराच वेळ गेल्यावर, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही त्या वयाच्या पोरी रोज बघता. त्यांना मासे आवडत असतील का हो?"

त्या वयाच्या पोरींना काय आवडतं ते मला पक्कं ठाऊक आहे.

"आवडतात, नाना," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग बंगळुरूच्या शाळांना सुट्टी कधी लागते, मार्चमध्ये की एप्रिलमध्ये, तेवढं विचारलं.