जाड उजेड

भिंगवाल्या भाऊवानी उजेडाशी भांडनारा मानूस मी साऱ्या जिंदगीत दुसरा पाह्यला नाई. देश मोकळा झाल्याले थोडीच वर्सं झाली होती, तवा थो आमच्या नागभीडकडच्या जंगलातल्या गावात तापाचं रक्त पाहाले आला. संग पितळेची भिंगाची नळी. तिले लेकरावानी मांडीवर घेऊन बसे, धोतरानं पुसे. कोनी पानी मागतलं तं म्हने, "थांब, आधी पानी पाहू दे." तहानेला मानूस तसाच उभा!

त्याचं एकच दुखनं. "बाई, काच चांगली हाय, उजेडच जाड हाय. जाड बोटाले राईचे चिपकलेले दोन दाने एकच वाटते, तसं होते." म्हून थो कवा निळी काच लावे, निळा उजेड बारीक असते म्हने. कवा भिंगाखाली तेलाचा थेंब टाके, उजेड वाटेत सांडू नये म्हून. "उजेड काय दूध हाय, सांडाले?" म्हून आमी बाया हासत होतो.

मंग माही पोट्टी तापानं पडली. तिच्या आधीचे दोन लेकरं तापानंच गेले होते. कोनता ताप, थे कोनी सांगतलं नाई. भाऊनं गोळी देल्ली, बोटातून रक्त घेतलं, अन् डोकं धरून बसला. तेलाची शिशी नदी उतरताना फुटली होती.

"डोक्यात चढनारा ताप असन तं आत्ताच दवाखान्यात न्या लागन. थ्या तापाच्या किड्यात दोन ठिपके असते, साध्या तापाच्या किड्यात एकच. इथं ठिपका एक हाय का दोन, थेच समजून नाई राह्यलं."

"मंग बसले काऊन?"

"तेल पायजे, बाई!"

घरोघरी फिरला. मोहाचं, जवसाचं, करंजीचं, ज्याच्या घरी जे असन थे वाटीत घे अन् त्यात काचेची कांडी बुडवे. ज्या तेलात काच हरपते, त्यातून उजेड सरळ जाते म्हने. कांडी दिसली का तेल वापस. "पोट्टी मरून राह्यली अन् हा जादू करून राह्यला," लोक म्हनत. माह्या एरंडीच्या तेलात कांडी जवळपास गायबच झाली. भाऊनं थेंब टाकला, नळीले डोळा लावला.

"दोन हाय! बंडी जुंपा!"

दवाखान्यात सुया टोचल्या, पोट्टी वाचली. घरी आलो तं भाऊ दारातच.

"थ्या ठिपक्याच्या आत काय हाय, थे पाहाचं राह्यलं. एक थेंब देता काय?"

पोट्टी माह्या मांगं लपली. मीच तिचं बोट पुढं केलं. भाऊ लय वेळ पाहत राह्यला.

"काय दिसलं, भाऊ?"

"काईच नाई. साफ हाय सारं."

हासत होता, पन तोंड जरासं उतरलं होतं. मी त्याले जेवाले बसवलं.