मेहुण्याच्या दुकानाची मुदतवाढ

आमच्या धंद्यातल्या लोकांसाठी एक मासिक निघतं. त्याच्या संपादकांनी मला नव्या मुलांकरता बांधकामाच्या करारांवर काही लिहायला सांगितलं. मी आयुष्यभर नकाशे काढले आणि त्यांच्या कडेला मापं लिहिली, त्यापलीकडे लिहिण्याशी माझा संबंध आला नाही. कलमं समजावून सांगण्याचा मला अधिकारही नाही. ज्या साहेबांच्या हाताखाली नोकरी केली त्यांची हकीकत तेवढी सांगता येईल. ती कामाची वाटली नाही तर संपादकांनी खुशाल बाजूला ठेवावी.

साहेब आर्किटेक्ट होते. काचेच्या दुकानावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. आतल्या खोलीत ते बसत, बाहेरच्या खोलीत माझा ड्रॉइंग बोर्ड. मधे लाकडी पार्टिशन होतं आणि ते छतापर्यंत गेलेलं नव्हतं, त्यामुळे आतलं सगळं बोलणं मला ऐकू यायचं. खाली काच कापायला लागले की दोन्ही खोल्यांतलं बोलणं थांबायचं.

बांधकामाच्या करारावर सह्या दोघांच्या असतात, मालकाच्या आणि ठेकेदाराच्या. आर्किटेक्टला मालक नेमतो आणि फीही मालकच देतो. तरीही काम पुरं झालं की नाही, उशीर झाला तो कोणामुळे, हे प्रश्न आले की निर्णय आर्किटेक्टने द्यायचा आणि तो देताना कोणाची बाजू घ्यायची नाही, असं करारात लिहिलेलं असतं. बरेच आर्किटेक्ट हे कलम वाचतात आणि पान उलटतात. साहेबांनी ते मनावर घेतलं होतं.

त्यांच्या धाकट्या मेहुण्याने कपड्यांचं मोठं दुकान बांधायला काढलं, तेव्हा काम अर्थातच साहेबांकडे आलं. हा मेहुणा म्हणजे साहेबांच्या पत्नीचा, आमच्या वहिनींचा, जीव. आई लवकर गेली म्हणून वहिनींनीच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं होतं. ठेका मिळाला तो एका जुन्या माणसाला. तो पूर्वी मजुरांचा मुकादम होता. पुढे ठेकेदार झाला तरी सगळे त्याला मुकादमच म्हणत.

सह्या करण्याआधी साहेबांनी दोघांना समोर बसवून ते कलम समजावून सांगितलं. मेहुणा हसत होता.

"भावोजी, तुम्ही आमचेच ना? मग मला कशाला शिकवताय?"

"तुझा आहेच. या कलमापुरता नाही."

"ऐकलंस का मुकादम? घरी जेवायला येतात तेव्हा आमचे, आणि इथे आमचे नाहीत."

मुकादम म्हणाला, "मला तर जेवायलाही कोणी बोलवत नाही. माझं काय ते आधी सांगा."

सगळे हसले आणि सह्या झाल्या.

पहिला स्लॅब टाकून झाल्यावर मेहुण्याने परगावी कुठेतरी काचेची लिफ्ट पाहिली. आमच्या नकाशात लिफ्ट मागच्या बाजूला होती. त्याला ती आता पुढे, रस्त्यावरून दिसेल अशी हवी झाली. साहेबांनी सांगून पाहिलं की खांब उभे राहिलेत, पुन्हा सगळी गणितं करावी लागतील, काम थांबेल. मेहुणा म्हणाला, थांबू दे. थांबवण्याचा हुकूम त्याने साइटवर, सगळ्यांच्या देखत दिला.

मुकादम कपाळ पुसत म्हणाला, "आज लिफ्ट पुढे घ्या म्हणताय. उद्या म्हणाल, गच्ची खाली आणा आणि दुकान वर न्या."

"तुला काय करायचंय? सांगतो ते कर."

काम थांबलं ते चांगलंच थांबलं. नवे नकाशे होईपर्यंत मुकादमाची माणसं सावलीत बसून राहिली, काही सोडूनही गेली. पुन्हा सुरुवात झाली तेव्हा मुदत संपत आली होती आणि मेहुण्याने उद्घाटनासाठी बड्या लोकांना शब्द देऊन ठेवले होते. मुकादमाने मुदतवाढ मागितली. आता निर्णय साहेबांचा होता. वाढ दिली तर मुकादम काम पुरं करणार. नाकारली तर मालकाने त्याला बाहेर काढायचं, त्याची यंत्रं आणि परांच्या साइटवरच अडकवून ठेवायच्या आणि उरलेलं काम त्याच्या खर्चाने दुसऱ्याकडून करून घ्यायचं, असं करारातच होतं. यंत्रं गेली असती तर मुकादम धंद्यातून उठलाच असता.

मेहुण्याने दुसरा ठेकेदार आधीच हेरून ठेवला होता. मेहुणा साहेबांच्या खोलीत येऊन बसला आणि मी पेन्सिल खाली ठेवली.

"भावोजी, फक्त नाही म्हणा. बाकीचं मी बघतो."

"काम तू थांबवलंस."

"थांबवलं असेल. ते कोणाला सांगायची काय गरज आहे?"

"मला माहीत आहे, तेवढं पुरे."

"एका मुकादमासाठी तुम्ही मला तोंडघशी पाडणार?"

"त्याच्यासाठी नाही रे."

"मग कोणासाठी? तिसरं कोण आहे इथे?"

खाली काच कापायला सुरुवात झाली आणि मेहुणा माझ्या टेबलाला धक्का देऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या. त्या ऑफिसात कधी येत नसत. मी उठायला लागलो तर म्हणाल्या, "बसा हो, तुमच्यापासून काय लपवायचंय." आत जाऊन त्यांनी शांतपणे विचारलं, "तो काल माझ्याकडे येऊन रडला. तुम्ही त्याचं ऐकणार की नाही?"

"ऐकता येत नाही."

"येत नाही की ऐकायचं नाही?"

"तू समजून घे."

"मी समजून घेतलेलंच आहे. त्याची आई होते मी आजवर, आणि माझं माहेर तो. तेवढं तुम्ही समजून घ्या आणि मग सही करा."

साहेबांनी मुदतवाढीवर सही केली. मी ती मुकादमाला नेऊन दिली. त्याने कागद कपाळाला लावला. मला ते बरं वाटलं नाही.

दुकान पुरं झालं आणि चांगलं झालं. उद्घाटनाचं आमंत्रण ना साहेबांना आलं, ना वहिनींना. काही दिवसांनी वहिनी समोरच्या फुटपाथवर उभ्या राहून ती लिफ्ट वरखाली होताना पाहून आल्या. हे त्यांनीच मला सांगितलं, साहेबांना सांगितलं नाही. गावभर मात्र एकच बोललं गेलं : जो सख्ख्या मेहुण्याचा झाला नाही तो आपला काय होणार. येऊ घातलेली कामं दुसरीकडे वळली.

मुकादम तेवढा सगळीकडे साहेबांचे गोडवे गात होता. त्याच्याच शब्दावर एका मालकाने साहेबांना घरांच्या इमारतीचं काम दिलं आणि ठेका मुकादमाला. त्यावर आमचं ऑफिस तगून राहिलं. इमारत उभी राहिली, मुकादमाने पूर्ण झाल्याचा दाखला मागितला. साहेबांनी गच्चीवर पाणी भरून ठेवायला सांगितलं. खालच्या खोलीत छत पाझरायला लागलं.

"दाखला आत्ता नाही," साहेब म्हणाले. "आधी गच्ची उकरून नीट कर."

मुकादमाला आधी थट्टाच वाटली. मग तो म्हणाला, "साहेब, दारोदार सांगत फिरलो मी, हा आपला माणूस आहे म्हणून."

"तसं मी तुला कधी म्हटलं नव्हतं."

"त्या वेळी माझ्या बाजूने उभे राहिलात की."

"तुझं खरं होतं. आज नाही."

"म्हणजे तुम्ही त्याचेही नाही, माझेही नाही. मग घरी तरी कोणी विचारतं का तुम्हाला?"

त्याने गच्ची उकरली, साहेबांना शिव्या घालत उकरली. त्यानंतर आमच्याकडे म्हणण्यासारखं काम आलं नाही. आधी फोन बंद झाला, मग एक खोली सोडली, मग दुसरी. मला दुसरीकडे नोकरी मिळाली. साहेब घरी बसले. वहिनी त्यांचं सगळं वेळच्या वेळी करायच्या, पण बोलायच्या कामापुरतं.

मेहुणा आणि मुकादम यांचं मात्र जुळलं. दोघांनाही पक्कं माहीत होतं की समोरचा आपल्यासारखाच आहे. मेहुण्याने दुसरं दुकान बांधायला काढलं ते मुकादमाकडूनच, आणि आर्किटेक्ट असा घेतला की समोर येईल त्यावर सही करील. ते काम अर्ध्यावर आल्यावर दोघांची जुंपली. तो आर्किटेक्ट सकाळी एकाला हो म्हणे, दुपारी दुसऱ्याला. करारात होतं की भांडण मिटलं नाही तर दोघांनी मिळून लवाद नेमायचा. मेहुण्याने सुचवलेलं नाव मुकादमाला चालेना, मुकादमाने सुचवलेलं मेहुण्याला.

मी साहेबांकडे सहज गेलो होतो, तेव्हा हे दोघे बरोबरच आले. इतक्या वर्षांनी मेहुण्याने त्या घरात पाऊल टाकलं होतं. वहिनी आतल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्याने त्यांच्याकडे पाहून मान हलवली आणि साहेबांशी बोलायला लागला.

"भावोजी, लवाद तुम्ही व्हा. तुमच्याइतका निःपक्षपाती माणूस आम्हाला मिळायचा नाही."

मुकादम म्हणाला, "माझीही हरकत नाही. तुम्ही कोणाचेच नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे."

साहेबांचा चेहरा उजळला, हे मी खोटं कशाला सांगू. कोणीतरी त्यांना त्या कामासाठी बोलवायला आलं होतं. पण मग ते म्हणाले, "मला होता येणार नाही. नातेवाईकाच्या भांडणात लवाद होता येत नाही. मी तुझ्या बहिणीचा नवरा लागतो."

मेहुणा चटकन म्हणाला, "आपलं नातं राहिलंय कुठे, भावोजी? हवं तर तसं लिहून देतो मी."

तो हे मदत म्हणून बोलला. अडचण होती ती दूर केली, एवढंच त्याच्या मनात होतं. मी वहिनींकडे बघायचं टाळलं.

वहिनी म्हणाल्या, "लिहून देऊ नकोस. नातं आहे. म्हणून तर हे तुझ्या कामाचे नाहीत."

"ताई, तू यात पडू नकोस."

"बरं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मेहुण्याने घड्याळ पाहिलं. मुकादम म्हणाला, "चला, दुसरं कोणी बघू." जिना उतरताना मी त्यांच्या मागेच होतो. एकमेकांवर दावा लावायला निघालेले ते दोघे एकाच गाडीत बसले, आणि मागे वळून न बघता निघून गेले.